भरपाई झाली, ऋण फिटले काय?

पैशाचे नुकसान पैशाने भरून निघते, हे व्यवहाराचे सूत्र सर्वांना मान्य आहे. परंतु ज्याच्या हातून नुकसान झाले त्याला लागलेला दोषही त्याच पैशाने धुऊन निघतो काय? आणि तो पैसा भलत्याच कोणी भरला असेल तर काय म्हणावयाचे? हा प्रश्न व्यवहाराचा नसून धर्माचा आहे. एका क्षुल्लक अपघाताने तो आमच्यापुढे उभा केला. वाचकांपैकी अनेकांवर तसा प्रसंग येऊन गेला असेल, किंवा उद्या येईल, म्हणून तो येथे मांडीत आहोत.

गेल्या शारदीय नवरात्रात आम्ही बऱ्हाणपुरास गेलो होतो. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात असले, तरी त्याच्या बाजारात मराठी बोलणे सर्रास कानी पडते. तेथून महाराष्ट्राच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापूर लागते आणि तेथील टेकडीवर इच्छादेवीचे स्थान आहे. दर्शन घेऊन आम्ही खाली उतरलो, तो रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आमच्या मोटारीवर केळींनी भरलेली एक पिकअप मागे घेताना आदळली. दाराला खोल पोचा पडला, पुढचा दिवा फुटला. कोणालाही इजा झाली नाही, ही देवीची कृपा.

गाडी चालविणारा विशीतला मुलगा होता. गर्दीचा फायदा घेऊन तो निसटू शकला असता, पण तो खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "काका, चूक माझी आहे. मागे पाहिलंच नाही." इतक्यात त्याच्या मालकाचा फोन आला. मालकाचा आवाज आम्हांलाही ऐकू येत होता : "काही कबूल करू नकोस. विमा आहे ना? त्यांचं ते पाहून घेतील." मुलगा गप्प झाला. त्यानंतर तो आमच्याकडे पाहीना.

मालकाचे बोलणे केवळ उद्दामपणाचे होते असे नाही. मोटार विम्याच्या करारात अशी अट असतेच की कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमेदाराने दायित्व कबूल करू नये, भरपाईचे वचन देऊ नये. ह्या अटीला कारणही आहे. पैसा कंपनी भरणार, तेव्हा तिला न विचारता रस्त्यावरच आकडा ठरविणे योग्य नव्हे. तथापि, पैशाचे वचन देऊ नये म्हणून घातलेली अट माणसाने माणसाची क्षमाही मागू नये येथवर कशी येऊन पोहोचली, हे पाहण्यासारखे आहे.

आता आमच्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली, मुलाच्या मालकाकडून व त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागण्याची. मोटार अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे असावीत ही तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आली. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्यातही ती कायम राहिली, आणि तेथे जीवितहानीप्रमाणे त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा सांगता येतो. परंतु ह्या वाटेने जायचे तर पोलिसांत वर्दी हवी. वर्दी म्हटली की त्या मुलावर निष्काळजीपणाचा खटला आणि त्यापाठोपाठ कोर्टाच्या खेपा. दुसरी वाट आमच्याच विम्यातून दुरुस्ती करून घेण्याची. ती सोपी, पण फुकटची नव्हे. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत कंपनी घसाऱ्यापोटी कापते, ठरलेली काही रक्कम प्रत्येक दाव्यात आपणच सोसावी लागते, आणि दावा न केल्याबद्दल वर्षानुवर्षे साठत आलेली हप्त्यातील सूट, जी पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, ती एका दाव्यात नाहीशी होते. एकाच नुकसानीची भरपाई दोन्हीकडून मात्र घेता येत नाही. विमा हा झालेली हानी भरून काढण्यासाठी आहे, लाभासाठी नव्हे.

आम्ही बऱ्हाणपुरात एका गॅरेजात गाडी नेली. तेथे खरी परीक्षा झाली. मागच्या बंपरावर दोन वर्षांपूर्वीचा एक ओरखडा होता. मिस्त्री सहजपणे म्हणाला, "साहेब, हाही ह्यातच घालून टाकू. सर्व्हेअर काही म्हणणार नाही. पैसे कंपनीचे." खरे सांगावयाचे तर, आम्हांला राग आला नाही, मोह झाला. सूट जाणार, घसारा कापला जाणार, दोष आपला नसता भुर्दंड आपल्यालाच. मग एवढे तरी का वसूल करू नये, असा विचार मनात आला, आणि तो रात्रभर टिकला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअरची वाट पाहत असता आम्ही शहराबाहेर कुंडी भंडारा पाहून आलो. सातपुड्यातून जमिनीत झिरपणारे पाणी अडवून ते भुयारातून शहराकडे आणण्याची ही योजना जहांगीराच्या कारकिर्दीत, अब्दुर्रहीम खानखानान बऱ्हाणपुरास असताना झाली. भुयारावर शंभरच्या आसपास कुंड्या आहेत. वरून पाहता प्रत्येक कुंडी वेगळी दिसते. खाली पाणी एकच वाहते. वरच्या कुंडीत कोणी घाण टाकली तर ती खालच्याच्या घागरीत येणार. 'पैसे कंपनीचे' ह्या वाक्यातील खोट आम्हांला तेथे कळली. कंपनीच्या तिजोरीतील द्रव्य कोणा अज्ञात धनिकाचे नसते. हप्ता भरणाऱ्या सहस्रावधी माणसांच्या ओंजळी तेथे एकत्र झालेल्या असतात. त्यात तो केळीवाला आहे, त्याचा मालक आहे, आपणही आहोत. खोट्या ओरखड्याचे चार हजार रुपये ह्याच घागरींतून उपसले जातात. ज्याला आपण कधी पाहिले नाही त्याची चोरी ही चोरी वाटत नाही, इतकेच.

मग मूळ प्रश्न उरतो : दोषाचे काय? गाड्यांचे अपघात मोटारीबरोबर आले असा आपला समज आहे. पण आपल्या धर्मशास्त्राने त्यांचा विचार फार पूर्वी केला होता. मनुस्मृतीतील सर्व दंडविधान आज कोणी शिरोधार्य मानणार नाही, मानूही नये. तथापि आठव्या अध्यायातील हा भाग विचार करण्याजोगा आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, अशा दहा प्रसंगी तेथे दंड सांगितलेला नाही. सारथी अकुशल असल्यामुळे गाडी भलतीकडे गेली तर दंड मालकाला आहे, कारण अशाच्या हाती गाडी त्याने दिली. सारथी कुशल असून चुकला तर दंड सारथ्याला आहे. अकुशल सारथ्याच्या गाडीत बसणारेही दंडातून सुटत नाहीत. दैव, मालक, चालक आणि प्रवासी यांच्या दोषाची इतकी बारीक वाटणी पाहून आजच्या न्यायाधीशालाही कौतुक वाटावे.

ह्याच प्रकरणात आणखी एक नियम आहे. जाणून असो वा नकळत असो, दुसऱ्याच्या वस्तूचे नुकसान करणाऱ्याने वस्तूच्या मालकाची तुष्टी करावी आणि राजाला नुकसानीइतका दंड द्यावा. येथे शब्द 'मूल्य' असा नाही, 'तुष्टी' असा आहे. तुष्टीत किंमत आलीच; परंतु ज्याचे मोडले त्याचे मन निवावे, हेही त्यात आले. राजाचा दंड वेगळा, मालकाची तुष्टी वेगळी. एकाने दुसरे फिटत नाही.

यावर कोणी म्हणेल, विमा नसता तर ह्या मुलाचे काय झाले असते? दाराची आणि दिव्याची किंमत त्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी. विम्याने त्याला वाचविले, हीच दया नव्हे काय? हा आक्षेप खरा आहे आणि आम्हांला तो पूर्ण मान्य आहे. एकाच्या चुकीचा भार अनेकांनी थोडा थोडा उचलावा, ही कल्पना धर्माला धरूनच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, भार वाटून घेता येतो. चूक वाटून घेता येत नाही. पैसा दुसऱ्याच्या हातून देता येतो. 'माझे चुकले' हे शब्द दुसऱ्याच्या तोंडून निघत नाहीत.

गोमंतकातील आणि कोंकणातील देवळांतले गाऱ्हाणे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. आपल्या वतीने बोलतो भटजी किंवा गुरव. शब्द त्याचे असतात. परंतु म्हणून यजमान घरी बसून राहत नाही. श्रीफळ घेऊन, मान लववून तो देवापुढे स्वतः उभा असतो. तो उभा नसेल तर ते बोलणे गाऱ्हाणे राहत नाही, पाठांतर होते. विमा कंपनी हा आपल्या वतीने बोलणारा गुरव आहे असे समजावे. तिला बोलू द्यावे, आकडा तिने ठरवावा. पण आपण समोर उभे राहावे. थांबावे, कोणास लागले आहे काय ते प्रथम पाहावे, घडले तसे सांगावे, आणि 'मला वाईट वाटते' असे म्हणावे. ह्यात पैशाचे वचन नाही. करार कोठेही मोडत नाही.

सर्व्हेअर आला तेव्हा आम्ही बंपरावरचा ओरखडा जुना असल्याचे आपण होऊन सांगितले. मिस्त्री आमच्याकडे किंचित कीव केल्यासारखे पाहत राहिला. दावा आमच्याच विम्यातून केला. अर्जात मात्र घडले ते सर्व, त्या पिकअपच्या क्रमांकासह, खरे खरे लिहिले. आमच्या कंपनीला पुढे वसुली करावयाची असेल तर तिचा तो हक्क आम्ही बुडविला नाही. आमची सूट गेली. ती गेल्याचे दुःख झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

संध्याकाळी तो मुलगा गॅरेजात आला. आमचा पत्ता त्याने कोठून काढला कोण जाणे. हातात केळींची एक फणी होती. "मालकांनी बोलू नको म्हटलं होतं, म्हणून काल गप्प बसलो. रात्री झोप लागली नाही," इतकेच तो बोलला. आम्ही केळी घेतली.

दाराची भरपाई कंपनीने पुढे तीन आठवड्यांनी केली. ऋण मात्र त्या संध्याकाळीच फिटले होते.