समोर कोण बसले आहे?

कोपरला दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात. खालची लोकल दिव्यावरून मुंब्र्याला जाते, वरच्या फलाटावरची वसईकडची गाडी भिवंडीवरून. दोन्ही गावांत शुक्रवारी दुपारी त्याच कुराणातल्या आयती वाचल्या जातात. पण त्यांच्या आधारे पटवायचे काय, हे पुढ्यात बसलेली माणसे ठरवतात.

जुम्म्याचा (शुक्रवारच्या नमाजेचा) खुत्बा, म्हणजे प्रवचन, अरबीत असतो. तो चालू असताना श्रोत्याने बोलायचे नाही; शेजाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणणेही वर्ज्य. आपल्याकडे बहुतेकांना अरबी समजत नाही, म्हणून त्याआधी उर्दूत बयान, म्हणजे समजावून सांगणारे भाषण, होते. मन वळवण्याचे खरे काम तिथे चालते.

कुराणातली ८३वी सूरह मापात खोट करणाऱ्यांना बजावते. किराणा दुकानदारांपुढे तिचा अर्थ तराजूपाशी थांबेल. भिवंडीत यंत्रमाग कामगाराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. तिथे नमाजेच्या रांगेत शेजारी-शेजारी मालकही बसतो आणि कामगारही. इमामाने ‘माप’ म्हणताच दोघांच्या डोळ्यांपुढे एकच कापड येते, हिशेब मात्र वेगळे. मालकाला मजुरीची आठवण करून द्यायची की कामगाराला कामाच्या सचोटीची? मशिदीचा खर्च वर्गणीतून चालतो, मोठी वर्गणी मालकाची असू शकते. अशा ठिकाणी नाव न घेता, पण नेमके बोलणारा इमाम मला मोठा वक्ता वाटतो. मुंब्र्यात १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेली कितीतरी कुटुंबे स्थिरावली. तिथे ‘सब्र’ (धीर, संयम) हा शब्द जपून वापरावा लागतो. घर सोडून आलेल्या माणसाला तो आधार वाटेल, किंवा गप्प राहण्याचा हुकूम.

दाखलेही बदलतात. कल्याण-भिवंडीतले जुने कोकणी मुसलमान शाफिई पंथाचे, उत्तर प्रदेशातून आलेले विणकर बहुतांशी हनफी. विणकरांकडे इमाम अबू हनीफांचे मत निर्णायक, तर कोकणींकडे इमाम शाफिईंचे.

श्रोत्यांना धरून बोलणे म्हणजे त्यांना गोंजारणे नव्हे. ऑक्टोबर १९४७मध्ये मौलाना आझाद दिल्लीच्या जामा मशिदीत बोलले, तेव्हा समोरचे लोक भेदरलेले होते, अनेकजण पाकिस्तानात निघालेले. आझादांनी आधी धीर दिला नाही, जाब विचारला; मी सांगत होतो तेव्हा तुम्ही ऐकले नाही, हे सुनावले. मग थांबायला सांगितले. त्याच लोकांचे शिव्याशाप सोसलेल्या माणसालाच तो सूर शोभला. हेच शब्द एखाद्या सरकारी सभेत उच्चारले गेले असते, तर ती धमकी ठरली असती.

म्हणूनच मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांची मला धास्ती वाटते. त्यात वक्ता उरतो, श्रोते गळतात. रात्रीच्या धार्मिक जलशातली तकरीर, म्हणजे भाषण, घोषणांच्या प्रतिसादावर चढत जाते. नमाजेआधीचे बयान शांततेत, घड्याळाकडे पाहत दिले जाते. दोन्ही एकाच मापाने मोजून आपण एका समाजाबद्दल मत बनवतो. त्या तुकड्यातले प्रक्षोभक बोलणे श्रोत्यांच्या नावावर माफ होत नाही. उलट, संतापलेल्यांपुढे ते बोलणाऱ्याची जबाबदारी वाढते.

आणि भाषा? तुर्कस्तानचे नेते मुस्तफा कमाल यांनी १९२३मध्ये बालिकेसिरच्या मशिदीतून खुत्बा लोकांच्या भाषेत, तुर्कीत व्हावा असे सांगितले. आपल्याकडे त्यासाठी खुत्ब्याला हात लावण्याची गरज नाही. बयानाची वेळ मोकळीच आहे. कोकणी मुसलमानांच्या घरातली बोली मराठीच्या कुळातली, कुराणाचे मराठी अनुवादही उपलब्ध. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला मजुरी, हुंडा, बहिणीचा वारसाहक्क हे विषय मशिदीत मराठीतून ऐकायला मिळाले, तर तो घरी आल्यावर त्याच शब्दांत वडिलांना प्रश्न विचारू शकेल.