नाचता येईना, बोर्ड तोकडा

‘सर, हब स्लो झालाय, नवीन बोर्ड घ्यावा लागेल’ हे तू अख्ख्या प्रॅक्टिकल बॅचसमोर म्हणालास, म्हणून मीही सगळ्यांसमोरच बोलतो. स्लो म्हणजे नेमकं काय? बटण दाबल्यापासून दिवा लागेपर्यंत किती वेळ जातो? सगळेच दिवे रेंगाळतात की फक्त झिग्बीवरचे? दिवसभर की ठरावीक वेळेला? एकेक प्रश्न विचारत गेलो आणि तू प्रत्येक वेळी छताकडे पाहिलंस. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहेस ना? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कोपऱ्यावरच्या माणसाने करावं. ज्याच्या बॅगेत मल्टिमीटर आहे त्याने नाही.

बोर्ड लहान आहे हे मला शिकवू नकोस. रास्पबेरी पाय ३ फेब्रुवारी २०१६मध्ये आला. चार कोर, १.२ गिगाहर्ट्झ, मेमरी एक जीबी. आज कोणी होम असिस्टंटसाठी, म्हणजे तुझ्या हबवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, विचारलं तर मी हा बोर्ड सुचवणार नाही. पण तुझ्या घरात आहे काय? अकरा दिवे, चार पंखे, गिझर आणि टाकीची मोटर. एवढ्याला तो पुरतो. पुरत नाही तो तू वर रचलेल्या पसाऱ्याला. नोड-रेड, इन्फ्लक्सडीबी, ग्राफाना, आणि गेटवरच्या कॅमेऱ्यात माणूस ओळखायला फ्रिगेट! नोड-रेडमध्ये फ्लो किती? एक. तो काय करतो? संध्याकाळी अंगणातला दिवा लावतो. अरे, ते काम होम असिस्टंटच्या स्वतःच्या ऑटोमेशनमध्ये चार ओळींचं आहे. ग्राफानाचा आलेख शेवटचा कधी उघडलास? मित्राला दाखवायला. मागे हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हेच असेल.

आता पहाटेची गोष्ट. तुझे आजोबा चारला उठतात. सव्वाचारच्या सुमाराला बाथरूमचा दिवा लागत नाही, असं ते तुला कधीपासून सांगताहेत. माणूस घड्याळ पाहून तक्रार करतोय, याहून चांगला पुरावा कोणत्या लॉगमध्ये मिळाला असता? आणि तू काय केलंस? रोज पहाटे ४ वाजून १५ मिनिटांनी हब आपोआप रीस्टार्ट व्हावा, असं ऑटोमेशन लिहिलंस. वर ते मला कौतुकाने दाखवलंस.

होम असिस्टंटचा रेकॉर्डर रोज पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी जुन्या नोंदी पुसायला घेतो. गुपित नाही ते, त्यांच्या माहितीपानांवर लिहिलेलं आहे. आपण काही बदललं नसेल तर दहा दिवसांपेक्षा जुन्या नोंदी तो काढून टाकतो. म्हणजे त्याने काम सुरू करून तीन मिनिटं होतात न होतात, तोच तू त्याची मान मुरगळतोस. उद्या पुन्हा तेच, शिवाय आजचं उरलेलं त्यात मिळवून. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! बरं, नोंदी पुसल्या तरी डेटाबेसची फाइल लगेच आटत नाही. मोकळी झालेली जागा आतच राहते आणि फाइल आवळून घेण्याचं काम महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होतं. त्यासाठी बोर्डाच्या मेमरी कार्डावर जवळजवळ त्या फाइलएवढीच मोकळी जागा लागते. तुझ्या कार्डावर ती आहे? पाहिलंस कधी?

पण खरा प्रश्न याच्या आधीचा आहे. पुसायला इतका वेळ लागावा असं त्या डेटाबेसमध्ये साठलंय काय? तू मीटरपेटीत वीज मोजणारं पीझेमचं मॉड्यूल बसवलंस, चांगलं केलंस. ईएसपीहोममध्ये त्याच्या दोन मोजण्यांमधली वेळ मूळची ६० सेकंद होती, ती तू एक सेकंद केलीस. का? ‘लाइव्ह दिसायला.’ मग आता गणित कर. दिवसाचे सेकंद ८६,४००. व्होल्टेज, करंट, पॉवर हे तीनच आकडे धरले आणि आपल्याकडचं व्होल्टेज कसं नाचतं ते लक्षात घेऊन दर सेकंदाला बदलतात असं मानलं, तर दिवसाला २,५९,२०० ओळी. दहा दिवसांच्या पंचवीस लाख ब्याण्णव हजार. त्या एका बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर, एसक्यूलाइटच्या एकाच फाइलमध्ये. महावितरणचं बिल महिन्यातून एकदा येतं, बाळा.

यावर तुझा युक्तिवाद असा की सीपीयू बाराच टक्के वापरात आहे, तरी लोड सहा दाखवतो, म्हणजे सॉफ्टवेअरमध्येच बग आहे. लोडचा आकडा म्हणजे काय हे मी पहिल्या सत्रात फळ्यावर लिहिलं होतं. लिनक्स त्यात फक्त सीपीयूवर चालणारी कामं मोजत नाही. डिस्कची वाट पाहत अडकून पडलेलीही मोजतो. सीपीयू रिकामा आणि लोड चढलेला, याचा अर्थ काम करणारे हात मोकळे आहेत आणि सगळे कार्डाच्या दारात रांग लावून उभे आहेत. ‘टॉप’ उघडलास, तर वरच्या ओळीत ‘डब्ल्यूए’ नावाचा आकडा आहे, तो पाहिलास? त्याच्याकडे बोट दाखवून मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, ‘ते मी इग्नोर करतो.’ निदान करणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही.

चार्जरचं तर बोलायलाच नको. बोर्डाला ५.१ व्होल्ट, अडीच अँपिअर लागतात असं बनवणारे सांगतात. तू जुन्या फोनचा चार्जर आणि दोन मीटरची बारीक केबल लावलीस. केबलचा जाता-येता रोध पाव ओहम धर, प्रवाह दोन अँपिअर. किती व्होल्ट वाटेत गेले? अर्धा. पाचातून अर्धा गेला की उरले साडेचार. ४.६३च्या खाली गेलं की हा बोर्ड ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ म्हणून कर्नलच्या लॉगमध्ये ओरडतो आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग निम्म्यावर आणतो. म्हणजे १.२ गिगाहर्ट्झचा बोर्ड तू ०.६वर चालवलास आणि तो मंद आहे म्हणून बोंब मारलीस. होम असिस्टंटने तर वीजपुरवठ्याची अडचण दाखवणारा सेन्सरही आपण होऊन तयार केला होता. तो तू डॅशबोर्डवरून लपवलास, कारण तो लाल दिसत होता आणि डिझाइन बिघडवत होता!

ओहमचा नियम कोणत्या इयत्तेत शिकलास, सांग बरं सगळ्यांना.

ईएसपीहोम त्याच बोर्डावर कंपाइल करताना मध्येच मरतं, ही तक्रारही याच खात्यातली. ‘किल्ड’ असा शब्द समोर आला होता ना? कोडमध्ये चूक असती तर ओळ क्रमांक आला असता. मेमरी संपली, कर्नलने कंपायलरला मारलं आणि तू रात्रभर कोडमधले स्वल्पविराम तपासत बसलास. लॅपटॉपवर कंपाइल कर आणि तयार फाइल पाठव.

आणि हे सगळं सोडवायचं म्हणून शेवटी तू कार्ड पुसून सगळं नव्याने टाकलंस. चूक कुठे होती ते सांगणाऱ्या नोंदीच गेल्या. तीच वायर, तोच चार्जर, तेच एक सेकंद, म्हणून दुखणंही तेच. वर इमेज टाकलीस ती ३२ बिटची. या बोर्डाचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे, आणि होम असिस्टंटने ३२ बिटचा आधार २०२५च्या डिसेंबरच्या आवृत्तीपासून काढून घेतला. अपडेट का येत नाहीत, हा तुझा आणखी एक ‘बग’ तिथेच मिटला.

तर आता असं कर. आधी बॅकअप, आणि तो त्याच कार्डावर ठेवू नकोस. मग चार्जर आणि केबल बदल. बदलण्याआधी आणि नंतर, बोर्ड कामात असताना, दोन आणि सहा क्रमांकाच्या पिनांवर व्होल्टेज मोज. प्रोब सांभाळून धर. चौथी पीनही पाच व्होल्टचीच आहे आणि सहावी ग्राउंड. प्रोब घसरला तर नवीन बोर्डाची तुझी इच्छा आपोआप पूर्ण होईल. सव्वाचारचं ऑटोमेशन काढ. पीझेम पुन्हा ६० सेकंदांवर ने. व्होल्टेज-करंटला रेकॉर्डरमधून वगळ, पण युनिट मोजणाऱ्या सेन्सरला हात लावू नकोस, नाहीतर महिन्यांची आकडेवारी साठणंच थांबेल. फ्रिगेट, ग्राफाना, इन्फ्लक्सडीबी बंद. एका दिवशी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाआधी व नंतर लोड, मोकळी मेमरी आणि तो ‘डब्ल्यूए’ वहीत लिही. एवढं करून आकडे पुढ्यात ठेवलेस आणि तरी अडलं, तर मीच म्हणेन की नवीन बोर्ड घे.

एक गोष्ट मात्र एका दिवसासाठीही थांबायची नाही. बाथरूमचं भिंतीवरचं बटण तू रिलेपासून तोडून हबला फक्त निरोप पाठवणारं केलंस. हब अडला की दिवा नाही. पंचाहत्तरीतला माणूस ओल्या फरशीवर अंधारात उभा आणि त्याचा नातू आम्हाला लोड ॲव्हरेज समजावतोय! ते बटण आज रात्रीच पुन्हा थेट रिलेला जोड. हब असो वा नसो, दिवा लागला पाहिजे. एमसीबी पाडून कर. पाडल्यावर तारेत वीज नाही हे टेस्टरने बघ, आणि तो टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये पेटतोय का तेही बघ. निदान ते तरी अंदाजाने करू नकोस.