जळगावच्या कोर्टातली गोळी

भुसावळ हे गाडी बदलण्याचे गाव. खंडव्याकडून उतरणारी वाट आणि नागपूरकडे जाणारी वाट इथे एकमेकींना मिळतात. उत्तरेकडून येऊन वऱ्हाडात जाणाऱ्याला सामान उचलून दुसऱ्या फलाटावर जावे लागे, आणि सामान उचलले की ते कुणाच्या तरी नजरेत येई. सप्टेंबर १९२९ मध्ये भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर हे झाशीकडचे दोन तरुण इथेच पकडले गेले. चंद्रशेखर आझादांचे हे जवळचे साथीदार अकोल्याकडे निघाले होते आणि त्यांच्या सामानात शस्त्रे व बॉम्बचे साहित्य होते. मलकापूरकरांचे घराणे पिढ्यांपूर्वी ज्या गावाचे नाव घेऊन उत्तरेत गेले असेल, ते मलकापूर इथून अकोल्याच्या वाटेवरच आहे. आडनावाच्या गावाला पोहोचण्याआधीच हा माणूस अडकला.

'भुसावळ बॉम्ब खटला' जळगावच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. हे दोघे साधे चोरटे नसून हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन असोसिएशनचे सदस्य आहेत, हे शाबीत करायला सरकारने भगतसिंग आणि साथीदारांवरच्या लाहोर कटाच्या खटल्यातले दोन माफीचे साक्षीदार खानदेशात आणले. एक जयगोपाल, दुसरा फणींद्रनाथ घोष. २१ फेब्रुवारी १९३० रोजी न्यायालयाच्या आवारात, पोलिसांच्या गराड्यात असलेल्या आरोपीने, म्हणजे माहौर यांनी, पिस्तूल काढून या दोघांवर गोळ्या झाडल्या. पिस्तूल आझादांनी सदाशिवरावांचे बंधू शंकरराव यांच्यामार्फत आत पोहोचवले होते, असे साथीदारांनी पुढे सांगितले. जयगोपाल जखमी झाला. दोघेही वाचले.

खानदेशाच्या इतिहासात ही घटना शौर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या गोळीमागच्या कल्पनेत जास्त रस आहे. गोळी इंग्रज अधिकाऱ्यावर नव्हती. कालपर्यंत एकाच ताटात जेवलेल्या माणसावर होती. फुटलेल्या साथीदाराला शोधून मारायचे, ही कल्पना १९३० साली जळगावात पोहोचली तेव्हा तिचे वय तीस वर्षांहून जास्त झाले होते. आणि प्रत्येक मुक्कामावर तिने आपले कारण बदलले होते.

पहिला मुक्काम पुणे. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. सरकारने वीस हजारांचे बक्षीस लावले, आणि गणेश व रामचंद्र या द्रविड बंधूंनी दिलेल्या माहितीवरून दामोदर चापेकर सापडले. १८ एप्रिल १८९८ ला त्यांना फाशी झाली. त्यानंतर ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. आता हिशेब मांडला तर या हत्येने कुणीही वाचणार नव्हते. दामोदर गेले होते, दुसरे बंधू बाळकृष्ण तुरुंगात होते. उलट वासुदेव आणि रानडे स्वतः फासावर गेले. मे १८९९ मध्ये पाच दिवसांच्या आत वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण असे तिघे. कारण एकच होते, सूड. भावाच्या मृत्यूचे पैसे घेणाऱ्याने त्याच पेठेत सुखाने राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. पुण्यातल्या लोकांना तो वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

दुसरा मुक्काम अलीपूर, आणि इथे कल्पना हुशार झाली. अरविंद घोष आणि इतरांवरच्या खटल्यात नरेन गोसाई माफीचा साक्षीदार झाला. त्याने मॅजिस्ट्रेटसमोर जबानी दिली, पण सत्र न्यायालयात त्याची उलटतपासणी व्हायची होती. ३१ ऑगस्ट १९०८ रोजी तुरुंगाच्या रुग्णालयात कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी त्याला ठार केले. उलटतपासणी न झालेली जबानी सत्र न्यायालयात वापरता आली नाही. ६ मे १९०९ ला अरविंद सुटले; त्यामागे चित्तरंजन दासांची वकिली होती, पण पुराव्यातले हे भगदाडही होते. पुण्याच्या गोळीने मागचे फेडले, अलीपूरच्या गोळीने पुढचे टाळले. कन्हाईलालला आणि सत्येंद्रला फाशी झाली ती या सौद्याची किंमत, आणि त्यांनी ती जाणून मोजली असे मला वाटते.

आता जळगावकडे परत येऊ. फणींद्र घोष म्हणजे कुणी किरकोळ निरोप्या नव्हता. सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात संघटनेची नवी मांडणी झाली तेव्हा नेमलेल्या मध्यवर्ती समितीत बिहारचा माणूस तोच. भगतसिंग, सुखदेव, आझाद यांच्या बरोबरीने बसलेला. जयगोपाल तर साँडर्स या पोलीस अधिकाऱ्याच्या हत्येच्या वेळी जागेवर होता. मारायचा होता तो स्कॉट; तो बाहेर पडल्याची खूण त्यानेच करायची होती आणि माणूस ओळखण्यात चूकही त्याचीच झाली. दोघांना एकत्र ठेवले की संघटनेचा आतला नकाशा आणि डोळ्यांदेखतची हत्या, दोन्ही सरकारच्या खिशात. ऑक्टोबर १९२९ मध्ये जयगोपाल लाहोरच्या कोर्टात उभा राहिला तेव्हा सर्वांत लहान आरोपी प्रेमदत्त याने त्याच्या अंगावर चप्पल फेकली आणि त्यापायी सगळ्यांना हातकड्या पडल्या. जळगावात चपलेच्या जागी पिस्तूल आले.

त्या वेळी लाहोरचा खटला मॅजिस्ट्रेटपुढेच रेंगाळत होता. म्हणजे अलीपूरचे गणित इथेही लागू पडू शकले असते. आझादांच्या मनात ते होते की निव्वळ चीड होती, हे ठरवायला साधन नाही. माझा कल दोन्ही होते असे मानण्याकडे आहे. पुण्याचा सूड आणि बंगालचा हिशेब जळगावच्या एका पिस्तुलात एकत्र आले. त्यातले काहीच साधले नाही. मे १९३० मध्ये सरकारने वटहुकूम काढून खटला खास न्यायाधिकरणाकडे दिला, ७ ऑक्टोबरला निकाल लागला, पुढचे सगळ्यांना माहीत आहे. माहौर आणि मलकापूरकर यांना दीर्घ शिक्षा झाल्या. ते सुटले १९३८ मध्ये. माहौर पुढे झाशीत हिंदीचे प्राध्यापक झाले. मलकापूरकरांनी आझादांच्या आईला अखेरपर्यंत सांभाळले.

घोषचा पाठलाग मात्र संपला नव्हता. ९ नोव्हेंबर १९३२ रोजी बिहारमधल्या बेतियाच्या बाजारात वैकुंठ शुक्ल यांनी त्याच्यावर वार केले आणि काही दिवसांनी तो मरण पावला. भगतसिंगांना फाशी होऊन तेव्हा दीड वर्ष उलटले होते. वाचवायला कुणी उरले नव्हते. कल्पना फिरून पुण्याच्या मुक्कामावर आली होती. शुक्ल १४ मे १९३४ ला गयेच्या तुरुंगात फासावर गेले.

इथवर शिकार नेमकी होती. माणूस कोण, त्याने काय केले, हे कोर्टाच्या कागदांवर होते. पण फितुराला मारण्याची रीत एकदा पक्की झाली की ती कागदाची वाट पाहत नाही. १९३० मध्येच या संघटनेच्या मध्यवर्ती समितीने यशपाल यांना गोळी घालण्याचे ठरवले होते. कारणांत मोठा वाटा होता तो प्रकाशवती कपूर यांच्याशी जुळलेल्या संबंधांचा. वीरभद्र तिवारी या सहकाऱ्याने यशपालांना आधीच सावध केले म्हणून ते वाचले, आझादांची समजूत नंतर बदलली, आणि हिंदीला 'झूठा सच' लिहिणारा कादंबरीकार मिळाला. पुढे फेब्रुवारी १९३१ मध्ये आझाद अलाहाबादला मारले गेले तेव्हा खबर कुणी दिली याचा संशय आला तो याच तिवारींवर. त्यांच्यावर उरईत गोळी झाडली गेली, ती हुकली. आरोप कधी सिद्ध झाला नाही. एका साथीदाराला नाहक मरणातून वाचवणारा माणूस पुढच्याच वर्षी स्वतः सावज झाला.

आजच्या मुलांना पडद्यावर अतिमानवी वीरांची टोळी फुटलेल्या मित्रामागे धावताना दिसते, तिथे प्रेक्षकाला तो फुटलाय हे पहिल्या अर्ध्या तासात कळलेले असते. भूमिगत माणसाला ती सोय नसते. त्याच्याजवळ ऐकीव बातमी असते आणि हातात पिस्तूल.

आता विचित्र गोष्ट अशी की फुटलेल्या साथीदाराविषयी सर्वांत शहाणा विचार क्रांतिकारकांनी केला नाही, तो त्यांना फाशी देणाऱ्यांच्या कायद्यात लिहिलेला होता. ठगांच्या बंदोबस्तात स्लीमनने १८३० च्या दशकात माफीच्या साक्षीदारांवर सारी यंत्रणा उभारली होती, त्यामुळे अशा साक्षीची उपयुक्तता आणि तिची घाण दोन्ही इंग्रज न्यायाधीशांनी जवळून पाहिली होती. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३३ ने सांगितले की साथीदाराची साक्ष चालते, तिला दुजोरा नसला तरी केवळ तेवढ्याने शिक्षा बेकायदा ठरत नाही. आणि त्याच कायद्याच्या कलम ११४ मधल्या उदाहरणाने सांगितले की महत्त्वाच्या तपशिलात दुजोरा मिळेपर्यंत साथीदार विश्वासाला अपात्र आहे असे कोर्टाने गृहीत धरले तर चालेल. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने राखले. लाहोरच्या न्यायाधिकरणाने या सावधपणाची कितपत बूज राखली हा वेगळा विषय आहे. पण यशपाल आणि तिवारी यांच्या बाबतीत संघटनेला हवा होता तो नेमका हाच दुजोरा, आणि तो मागण्याची रीत तिच्याकडे नव्हती. गुप्तपणे काम करणाऱ्याला स्वतंत्र पुरावा गोळा करणे जवळजवळ अशक्य असते, हे मान्य करूनही मी म्हणेन की जळगावच्या गोळीपेक्षा संघटनेला या दुजोऱ्याची गरज जास्त होती.

दुजोऱ्याच्या त्या नियमाची कसोटी स्वातंत्र्यानंतर लगेच लागली, आणि तीही खानदेशी माणसाच्या निमित्ताने. गांधीहत्येच्या खटल्यात माफीचा साक्षीदार झालेला दिगंबर बडगे मूळचा चाळीसगावचा, पुण्यात शस्त्रांचा व्यापार करणारा. न्यायाधीश आत्माचरण यांना त्याची साक्ष एकूण सरळ वाटली. तरी सावरकरांपुरता त्याच्या सांगण्याला स्वतंत्र दुजोरा नाही, म्हणून १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात त्यांना निर्दोष सोडण्यात आले. या निकालावर महाराष्ट्रात अजून भांडणे होतात. बडगेवर गोळी चालवण्याची वेळ मात्र कुणावर आली नाही. त्याच्या साक्षीचे माप कोर्टानेच काढले.

लाहोरचा आणखी एक माफीचा साक्षीदार हंसराज व्होरा याच्यावर कुणी गोळी झाडली नाही. तो लंडनला शिकला, वॉशिंग्टनला भारतीय वृत्तपत्रांचा वार्ताहर झाला, आणि उतारवयात सुखदेवांच्या भावाला पत्र लिहून त्याने आपण का फुटलो ते मांडले. ती बाजू खरी की सोयीची, हे ठरवता येत नाही, पण ती वाचायला उरली. जयगोपाल किंवा घोष कसे फुटले, मारहाणीने, भीतीने की लोभाने, हे त्यांच्या तोंडून आपल्याला कळत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात जुन्या कलम १३३ च्या जागी कलम १३८ आले आहे. त्यात दुजोरा नसला तरी चालेल हे वाक्य नाही. दुजोरा मिळालेल्या साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा नाही, असे म्हटले आहे. वकील मंडळी आता यावर वाद घालत आहेत की हा बदल मसुदा लिहिणाऱ्याच्या लेखणीचा आहे की विचाराचा.