माझी शेड, माझं औषध

नजफगड तलावाच्या काठाला, गुरुग्रामच्या हद्दीत एकाची ब्रॉयलरची शेड होती. पाच-सहा आठवड्यांत माल विकला जावा आणि मर होऊ नये, एवढंच त्याचं गणित. पिल्लं उतरली की लगेच पाण्यात अँटिबायोटिक; आजारी कोण, धडधाकट कोण, बघायचंच नाही.

"निरोगी पाखरांना औषध कशाला रे?" शेजारचा भाजीवाला म्हणाला.

"ताऊ, शेड माझी, पैसा माझा, औषध माझं."

ताऊ गप्प बसला. तोही काही संत नव्हता. लॉट गेला की तूस आणि विष्ठेची ट्रॉली तोच उचलायचा आणि ते कोंबडखत न कुजवता थेट पालकाच्या वाफ्यात टाकायचा. औषधाला पुरून उरलेले जंतू त्यातून मातीत आणि पावसाबरोबर नजफगड नाल्यात. हा नाला म्हणजे एकेकाळची साहिबी नदी. वजीराबादजवळ तो यमुनेला मिळतो. वाटेत शहराचं सांडपाणी येतं. त्या पाण्यात जंतू एकमेकांना प्रतिकाराची जनुकं देतात, अगदी परक्या जातीच्या जंतूलासुद्धा. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या 50 पैकी 2 मध्ये एनडीएम-1 हे असंच एक प्रतिकाराचं जनुक सापडलं होतं. पण शेडवाल्याच्या कानावर ते कुठून येणार?

मग ताऊच्या सुनेला लघवीचा संसर्ग झाला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, ताप हटेना. कल्चरच्या रिपोर्टात औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक आर, आर, आर. म्हणजे लागू नाही. शेडवाला भेटायला गेला. खाटेशेजारच्या कुपीवर नाव होतं कोलिस्टिन, बाकीची औषधं हरल्यावर द्यायचं अँटिबायोटिक. त्याच्या शेडमधल्या पुड्यांवरही हेच नाव होतं.

"डॉक्टरसाहेब, हा जंतू माझ्याकडचा?"

"तुमच्याकडचा असेल, ताऊंच्या वाफ्यातला असेल, आमच्या वॉर्डातलाही असेल. त्याच्यावर पत्ता नसतो."

"म्हणजे माझा दोष नाही."

"तसं मी म्हटलेलं नाही."

जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरता कोलिस्टिन बनवायला, विकायला आणि वितरित करायला बंदी केली. बंदी एका औषधावर आली, बाकीची दुकानात होतीच. कोरडं तूस, खेळती हवा, स्वच्छ पाणी आणि वेळेवर लस यांनी मर आटोक्यात राहते, हे शेडवाल्याला पहिल्यापासून माहीत होतं. त्यात फक्त मेहनत जास्त होती.