दुसऱ्या सहीची जबाबदारी

सहकारी पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात माझी उमेदीची वर्षे गेली. एका बुडालेल्या संस्थेचा व्यवस्थापक आजही स्मरणात आहे. ठेवीदारांच्या घरची आजारपणे, मुलींची लग्ने त्याला तोंडपाठ असत. मुदतठेवीची पावती घेऊन आलेल्या एका वृद्ध विधवेला त्याने आदराने खुर्ची दिली, ‘आई, सोमवारी नक्की’ असा शब्द दिला आणि ती बाहेर पडताच त्याच मृदू स्वरात माझ्या चहाची चौकशी केली. खोट्या सहीने तिच्या ठेवीवर उचललेल्या तारणकर्जाचा कागद तेव्हा माझ्या हातात होता. त्याला हे ठाऊक होते. तरी चेहऱ्यावर भीती उमटली नाही, संकोचही नाही.

तो मनोविकृत होता की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तज्ज्ञांचा आहे. मात्र त्या अनुभवाने मला या विषयाच्या अभ्यासाकडे वळवले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्व्ही क्लेक्ली यांनी १९४१ साली ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ या ग्रंथात अशा व्यक्तींचे वर्णन केले: बुद्धी शाबूत, वागणे मोहक, पश्चात्ताप आणि लज्जा यांचा अभाव. पुढे कॅनडाचे रॉबर्ट हेअर यांनी निदानासाठी २० लक्षणांची सूची सिद्ध केली. असे सर्वच लोक हिंसक नसतात. कित्येक जण समाजात प्रतिष्ठेने वावरतात. दुसऱ्याचे दुःख त्यांना कळते, पण त्याची झळ लागत नाही.

समाजाने दिलेला विश्वास हेच अशा लोकांचे साधन असते. इंग्लंडमधील डॉ. हॅरॉल्ड शिपमनला १५ रुग्णांच्या खुनांबद्दल २००० साली जन्मठेप झाली; पुढील चौकशीत बळींची संख्या किमान २१५ निष्पन्न झाली. त्याच्या मनाचे निदान वादातीत नाही, परंतु त्या घटनाक्रमातील एक बाब विचार करण्याजोगी आहे. दहनाच्या कागदपत्रांवर दुसऱ्या डॉक्टरची सही सक्तीची होती आणि ती बिनदिक्कत होत राहिली. त्या बुडालेल्या पतसंस्थेतही प्रत्येक कर्जावर दोन संचालकांच्या सह्या होत्या.

अशा प्रकरणांनंतर समाज सरसकट संशयी होतो आणि प्रामाणिक माणसालाही त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून प्रत्येकाचे मन पारखत बसण्यापेक्षा तपासणीचा नियम सर्वांना सारखा लावणे आणि शंका विचारणाऱ्याला संरक्षण देणे अधिक न्याय्य आहे. दुसरी सही करणाऱ्याने कागद आधी वाचावा; अनोळखी माणसाविषयीची करुणा पुष्कळदा एवढ्याच कर्तव्यातून व्यक्त होते.