जमिनीवर ठेवलेल्या विमानाचा हिशेब

पुण्यात घोरपडीला दक्षिण कमानचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. १५ ऑगस्ट १९९८ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. नागरिकांच्या वर्गणीतून ते उभे राहिले, ही त्याची विशेष ओळख. त्याच्या आवारात हवाईदलातून निवृत्त झालेले एक मिग-२३ बीएन विमान ठेवले आहे. शाळांच्या सहली येतात, घरोघरचे लोक मुलाबाळांना घेऊन येतात, विमानापुढे उभे राहून फोटो काढतात. लोहगावच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या सुखोईचा आवाज आम्ही पुण्याचे लोक १९९७ पासून ऐकत आलो आहोत. तो आवाज आला की घरातले बोलणे थांबते. घोरपडीचे विमान मात्र गप्प असते. लढाऊ विमान असे गप्प कसे केले जाते आणि ते करताना काय काढून टाकावे, काय राहू द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही.

आधी कामाची रीत पाहू. विमान निवृत्त झाले म्हणजे लगेच लोकांसमोर ठेवता येत नाही. टाक्यांतले इंधन काढावे लागते. उरलेली वाफही बाहेर घालवावी लागते, कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असू शकते. चाके आणि पंख हलवणारे दाबाखालचे तेल काढतात. वैमानिकाचे आसन तर स्वतःच एक स्फोटक वस्तू असते. संकटकाळी वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकण्यासाठी त्यात काडतुसे बसवलेली असतात. ती काढल्याशिवाय कोणालाही आत बसू देत नाहीत. तोफ आणि शस्त्रे उतरवतात, गोपनीय उपकरणे काढून घेतात, पुष्कळदा इंजिनही काढतात. मग पंख सुटे करून विमान ट्रकवरून आणायचे, पुन्हा जोडायचे आणि भार चाकांवर न पडेल असे टेकूवर उभे करायचे. पक्ष्यांनी घरटी करू नयेत म्हणून पुढचे-मागचे तोंड बंद करायचे, पावसाचे पाणी साचू नये म्हणून वाटा ठेवायच्या आणि शेवटी रंग द्यायचा. मिग-२३ चे पंख उडताना वैमानिकाला मागेपुढे करता येत असत. ते विमानही एकदा असे मांडले की त्याचे पंख कायमचे एकाच जागी थांबतात.

इतके सगळे काढून घेतल्यावर मागे राहते ते विमान म्हणावे काय? जे उडू शकत नाही, लढू शकत नाही, ज्यात इंधन नाही, त्याला केवळ आकारामुळे विमान म्हणायचे का? आम्हांला वाटते, त्याचे काम बदलते. जोवर ते उडत होते तोवर ते हत्यार होते. जमिनीवर आल्यावर ते साक्षीदार होते. साक्षीदाराच्या अंगात बळ नसले तरी चालते, त्याने खरे सांगावे एवढीच अपेक्षा असते. म्हणून तयारीचा कस यापुढे लागतो: धोका काढून टाकताना आपण साक्षही काढून टाकतो का?

रंगाचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात रंग न दिलेला धातू टिकणार नाही, तेव्हा रंग हवाच. पण रंगाची दोन कामे असतात. एक राखण्याचे आणि एक झाकण्याचे. गंज चढू नये म्हणून दिलेला रंग ही वस्तूची सेवा आहे. ठिगळे, ओरखडे, दुरुस्तीच्या खुणा पुसून विमान जणू कालच कारखान्यातून आले असे दाखवणारा रंग आपल्या मनाची सोय पाहतो. ब्रश तोच, डबा तोच. फरक हेतूचा आहे.

त्याहून मोठी पुसापुशी शब्दांची असते. निवृत्त विमानापुढच्या पाटीवर बहुधा वेग, वजन, लांबी आणि युद्धांची नावे असतात. ते सारे खरे आहे. मिग-२३ बीएन विमाने १९९९ च्या कारगिल युद्धात लढली, २००९ च्या मार्चमध्ये सेवेतून निवृत्त झाली, हे लिहिलेच पाहिजे. पण मिग घराण्याचा आणखी एक हिशेब आहे आणि तो सरकारनेच २०१२ साली संसदेत मांडला. हवाईदलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने एप्रिल २०१२ पर्यंतच्या चाळीस वर्षांत अपघातांत गेली. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ सामान्य नागरिक मृत्यू पावले. हे नागरिक कोणत्याही रणांगणावर नव्हते. त्यांची नावे कोणत्याही विमानाच्या पाटीवर आमच्या पाहण्यात आलेली नाहीत.

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात गेले. अपघाताचे खापर आपल्या मुलाच्या माथी मारले जाऊ नये म्हणून त्यांची आई कविता गाडगीळ उघडपणे बोलल्या, आणि पुढे त्या आईवडिलांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षिततेसाठी काम उभे केले. त्यांनी हवाईदलाचा द्वेष शिकवला नाही. त्यांनी हिशेब मागितला. आपल्या माणसाचा हिशेब मागणे आणि त्याच्या सेवेचा आदर करणे या दोन गोष्टी एका मनात सुखाने राहू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

यावर कोणी म्हणेल, स्मारक ही गौरवाची जागा आहे. तिथे अपघात मोजले तर मुलांच्या मनावर काय परिणाम होईल? या आक्षेपात तथ्य आहे. शोकसभेत कोणी लेखापरीक्षण करत नाही. परंतु धोका ठाऊक असूनही जो आसनात बसतो, त्याचे धैर्य धोका लपवल्याने वाढत नाही, उलट कमी दिसते. यंत्र निर्दोष होते असे दाखवायचे, तर माणसाने काय पणाला लावले हे कळणार कसे?

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूचा आहे. शस्त्र जपायचेच कशाला, वितळवून टाका. हेही मुंबई-पुण्याने पाहिले आहे. ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झालेली विमानवाहू नौका विक्रांत पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिचा सांभाळ झेपेना. २०१४ साली ती भंगारात गेली आणि तिच्या पोलादाचा काही अंश वापरून आकुर्डीच्या बजाज ऑटोने २०१६ साली मोटारसायकल काढली. युद्धनौकेचे लोखंड माणसाला कामावर नेऊ लागले, यात वाईट काहीच नाही. पण सर्वांची असलेली आठवण त्या दिवसापासून विकत घेणाऱ्याची झाली, आणि पोलाद वितळले की त्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही. तरीही एक मान्य केले पाहिजे. चौकात आणून बसवलेले, रंग उडालेले, कबुतरांनी भरलेले विमान ठेवण्यापेक्षा ते भंगारात देणे अधिक प्रामाणिक. सांभाळायची तयारी नसेल तर मागू नये.

आम्हां वाचकांच्या दृष्टीने यात आणखी एक पदर आहे. मिग-२३ विमाने १९८१ साली हवाईदलात येऊ लागली तेव्हा दलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ होते. फाळणीच्या वेळी त्यांनी भारताच्या हवाईदलातच राहायचे ठरवले होते. पुढे १९८२ ते १९८५ ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आपल्याकडे अशी नावे पुष्कळदा दाखल्यासारखी पुढे केली जातात. कोणी निष्ठेबद्दल विचारले की खिशातून काढून दाखवायची. त्यात त्या माणसाचा मान राहत नाही आणि आपलाही राहत नाही. लतीफ त्या विमानाच्या इतिहासात आहेत कारण ते काम त्यांनी केले. घोरपडीचे विमान आपले आहे ते कोणाच्या दाखल्यामुळे नव्हे. ते या शहरातल्या सर्वांचे आहे म्हणून. आणि जे आपले असते त्याच्या अभिमानात वाटा मागणाऱ्याला त्याच्या जबाबदारीतही वाटा घ्यावा लागतो. हिशेब विचारणे हे परक्याचे काम नाही, घरच्याचेच आहे.

हा विचार आज करण्याचे कारणही आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ने निरोप घेतला. यांतली कित्येक विमाने नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात, मराठी कामगारांच्या हातांनी बांधलेली. निवृत्त विमानांची मागणी संस्था, महाविद्यालये आणि नगरपालिका करत असतात, तशी यांचीही करतील. ती जरूर आणावीत. काडतुसे काढावीत, इंधन काढावे, रंग द्यावा. पाटीवर वेग आणि युद्धे लिहून झाल्यावर आणखी दोन ओळींची जागा ठेवावी: हे उडवताना किती गेले, आणि ते कोसळले तेव्हा खाली जमिनीवर किती गेले. ती पाटी वाचून एखादे मूल काही विचारील. त्याला उत्तर देण्याची आपली तयारी आहे का, एवढेच आपण आधी ठरवायचे आहे.