गणती नाही

पानिपत शहरापासून थोड्या अंतरावर, यमुनेच्या बाजूच्या एका गावात, म्हशींच्या गोठ्याच्या वाशाला एक सापळा टांगलेला होता. वर बॅटरीवर जळणारा जांभळट दिवा, त्याखाली छोटा पंखा आणि पंख्याखाली साबणाचे पाणी भरलेली बाटली. दिवस मावळण्यापूर्वी दिवा लावायचा, सकाळी बाटली काढून घ्यायची. दिव्याकडे आलेले बारीक किडे पंख्याच्या ओढीने पाण्यात पडतात. त्यांतून चावरी चिलटे निवडायची आणि कोणत्या जातीची किती, हे गावाच्या नावापुढे लिहायचे. अशा पुष्कळ गोठ्यांतल्या नोंदी जमल्या की नकाशावर ठिपके पडतात आणि अमुक जात कुठवर पसरली आहे, हे सांगता येते.

माझे काम भाषांतराचे. या सापळ्याशी माझा संबंध एवढाच की तो लावणारी माझी जुनी मैत्रीण होती, आणि काही महिन्यांपूर्वी मी मेंढपाळांसाठीच्या एका मराठी पुस्तिकेत याच किड्यांविषयी लिहिले होते. ज्यावर लिहिले ते निदान एकदा पाहावे म्हणून सप्टेंबर अखेरीस मी दिल्लीहून तिच्याबरोबर गेले.

पुस्तिका करताना पहिली अडचण नावाची आली होती. मराठीत चिलट आहे, मुरकूट आहे, केमरे आहे, घुंगुरटे आहे. पण केळ्यावर घोंघावणारे, डोळ्यापुढे नाचणारे आणि रक्त पिणारे यांत हे शब्द भेद करत नाहीत. शास्त्रज्ञांना हवे आहे ते क्युलिकॉइडीस नावाचे कूळ. जगभरात त्याच्या १,३००हून अधिक जाती आहेत. एक ते तीन मिलिमीटरचा हा जीव साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येतो. चावते फक्त मादी. ओली माती, शेणाने माखलेला चिखल, पाणवठ्याची कड ही तिची अंडी घालण्याची जागा. जाती ओळखायच्या त्या पंखांवरच्या करड्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून, तेही सूक्ष्मदर्शकाखाली. मी ‘चावरे चिलट’ असा शब्द केला. पानिपतच्या त्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या मालकाला विचारले, तर तो म्हणाला, ‘भुनगा है जी, और क्या.’

तरीही हा भुनगा मोजावा लागतो, याला कारण आहे. घोड्यांचा ‘आफ्रिकन हॉर्स सिकनेस’ नावाचा रोग ही चिलटेच पसरवतात. १९५९ ते १९६१ या काळात तो मध्यपूर्वेतून सरकत १९६० साली भारतात आला आणि त्या साथीत एकूण ३ लाखांच्या आसपास घोडे, गाढवे व खेचरे मेली. मेंढ्यांच्या ब्लूटंग किंवा नीलजिव्हा रोगाची भारतातली पहिली नोंद १९६४ची, आणि ती महाराष्ट्रातली आहे. ताप, सुजलेले तोंड, जिभेवर व्रण, लंगडणे, आणि कळपात मर. त्याचा विषाणू १९८०च्या दशकात हिसारच्या संशोधकांनी प्रत्यक्ष चिलटांतून वेगळा काढला. हिसार पानिपतहून फार लांब नाही. रोग कुठे येऊ शकेल याचा अंदाज बांधायचा, तर हे किडे कुठे आहेत हे आधी ठाऊक हवे.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा दिवा विझलेला होता. बॅटरी रात्री कधीतरी उतरली होती. बाटलीत दोन पतंग आणि एक माशी. बरोबरच्या विद्यार्थ्याने तक्त्यात त्या गावापुढे शून्य लिहिले. मैत्रिणीने ते पाहिले आणि जरा कडक आवाजात म्हणाली, ‘शून्य खोड. शून्य लिहायला रात्रभर दिवा जळावा लागतो.’ त्याने खोडून ‘सापळा बंद पडला’ असे लिहिले. मग तिने मला समजावले, की दिवा जळला तरी शून्य सरळ नसते. पौर्णिमेच्या आसपास दिव्याकडे किडे कमी येतात. वारा असला तर ते उडतच नाहीत. काही जाती उजेडाला भुलत नाहीत, पण जनावराला मात्र चावतात. म्हणून ‘आढळले नाही’ या नोंदीबरोबर रात्र कोणती, वारा किती, दिवा किती तास, हे सगळे द्यावे लागते. ‘नाही’ म्हणणे ‘आहे’ म्हणण्यापेक्षा महाग पडते.

तिचे ते ‘शून्य खोड’ ऐकताना मला माझी पुस्तिका आठवली. तिच्यात एक नकाशा होता. काही जिल्हे रंगवलेले, काही पांढरे. पांढऱ्या भागाचा खुलासा मूळ इंग्रजीत दोन शब्दांत होता आणि त्याचा अर्थ एवढाच होता की तिथून नोंदी आलेल्या नाहीत. मी आधी ‘नोंद नाही’ असे लिहिले होते. मग ते कचेरीतल्या शिक्क्यासारखे वाटले. मेंढपाळाला समजेल असे, बोलीला जवळचे काहीतरी हवे, म्हणून मी ते बदलून ‘आढळत नाही’ केले. वाक्य कानाला गोड झाले. पुस्तिका छापून वाटली गेली.

पावसाळा संपला की देशावरचे धनगर कळप घेऊन कोकणाच्या बाजूला उतरतात. वाटेत कुठे थांबायचे, किती दिवस थांबायचे, हे ते गवत-पाणी पाहून ठरवतात. माझ्या पुस्तिकेवर विश्वास ठेवून एखाद्याने पांढऱ्या भागात, पाणथळ जागी मुक्काम लांबवला असेल का? बहुधा नसेल. मेंढपाळ छापील नकाशापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विसंबतो. पण हा दिलासा मी स्वतःला देण्यात अर्थ नाही. ज्या भागाकडे कोणी पाहिलेच नव्हते त्याला मी सुरक्षित ठरवले होते, आणि ते केवळ वाक्य सुरेख व्हावे म्हणून.

चूक इंग्रजीची नव्हती, मराठीचीही नव्हती. पण मराठीतला ‘नाही’ मला तिथे सोयीचा पडला, हे खरे. वस्तू नाही, वस्तू दिसली नाही, वस्तू शोधली नाही: तिन्ही ठिकाणी तोच शब्द येतो, आणि घाईत पहिल्याचा अर्थ तिसऱ्याला चिकटतो.

पानिपतात बसून हा विचार करताना ते प्रसिद्ध पत्र आठवणे अटळ होते. १४ जानेवारी १७६१च्या लढाईची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातल्या सांकेतिक भाषेतून, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दोन मोती गळाले, म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा हरवल्या, म्हणजे सरदार. आणि खुर्द्याची गणती नाही. लहानपणी मी या शेवटच्या भागाचा अर्थ ‘असंख्य’ असा घेत असे. त्यात शोक आहे, असेच मला वाटे. आता त्याच शब्दांत दुसरा अर्थही दिसतो: मोजले नाही. मोती मोजले, मोहरा मोजल्या, खुर्दा मोजण्याची रीत नव्हती. मराठीत ‘गणती नाही’ म्हणजे मोजण्यापलीकडचे आणि ‘गणती नाही’ म्हणजे मोजायच्या लायकीचे न मानलेले. एक अर्थ दुसऱ्याला झाकतो. आपण शोक करतो आहोत असे वाटते, आणि प्रत्यक्षात नोंद केली नव्हती एवढेच सांगत असतो.

त्या फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायका-मुले होती, व्यापारी, नोकरचाकर होते. त्यांना आपल्या इतिहासलेखनात नाव आहे ‘बुणगे’. पानिपतच्या म्हाताऱ्याचा ‘भुनगा’ आणि आपला ‘बुणगा’ यांची व्युत्पत्ती एक आहे असा माझा मुळीच दावा नाही. पण भाषांतर करणाऱ्याचा कान अशा जागी अडखळतो. बारीक, त्रासदायक, संख्येने फार आणि एकेकटा किंमत नसलेला, हा भाव दोन्ही शब्दांत आहे.

आणि मोजणी नसल्याचा परिणाम केवळ मृतांपुरता राहत नाही. पानिपत-कर्नाल भागातल्या रोड समाजातले पुष्कळ लोक आपण त्या युद्धानंतर इकडेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत असे मानतात. इतिहासकारांत यावर एकमत नाही. पण खुर्द्याची यादी असती, कोण पडला आणि कोण परतला नाही हे वेगळे लिहिलेले असते, तर हा प्रश्न आज इतका मोकळा राहिला नसता. ‘परतला नाही’ याला आपण ‘मेला’ म्हणून टाकले. माझ्या ‘आढळत नाही’पेक्षा हे वेगळे नव्हे.

न पाहिलेल्या जागेला रिकामी समजण्याची किंमत विज्ञानानेही मोजली आहे. ब्लूटंग हा उष्ण प्रदेशांचा रोग, तो क्युलिकॉइडीस इमिकोला या जातीमुळे पसरतो, आणि ही जात उत्तर युरोपात नाही, म्हणून उत्तर युरोप निर्धास्त होता. ऑगस्ट २००६मध्ये नेदरलँड्समध्ये मेंढ्या आजारी पडल्या. रोग शेजारच्या बेल्जियम आणि जर्मनीत गेला. इमिकोला तिथे खरोखरच नव्हती. विषाणू पसरवला तो तिथल्याच, नेहमीच्या, गोठ्यागोठ्यांतल्या चिलटांनी, ज्यांच्याकडून कोणी ही अपेक्षा केली नव्हती.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. सगळेच मोजायचे म्हटले तर माणसाने जगायचे केव्हा? पैसा मर्यादित, माणसे मर्यादित, आणि १,३०० जातींच्या पंखांवरचे ठिपके ओळखणारे तर बोटांवर मोजण्याइतके. शिवाय मोजणी निष्पाप नसते. या सापळ्यात पडणारा प्रत्येक जीव मरतो, त्यातले बरेचसे आपल्याला नकोही असतात. माणसांची मोजणीसुद्धा पुष्कळदा त्यांच्या भल्यासाठी झालेली नाही, महसूल आणि बिगारीसाठी झाली आहे. ज्याची गणती नाही त्याला कधीकधी त्यामुळेच सुटका मिळाली असेल.

हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. सगळे मोजण्याचे कर्तव्य कोणावरच नाही, असे मला वाटते. पण त्याहून लहान, प्रत्येकाला झेपेल असे एक कर्तव्य उरते: जिथे मोजले नाही तिथे मोजले नाही असे म्हणणे. त्याला निधी लागत नाही. एक जास्तीचा शब्द लागतो, आणि आपले अज्ञान वाक्यात दिसू देण्याची तयारी. माझी अडचण तीच होती. ‘नोंद नाही’मध्ये न गेलेला माणूस दिसतो, अपुरे राहिलेले काम दिसते. ‘आढळत नाही’मध्ये कोणीच दिसत नाही. वाटते, जणू निसर्गच तसे सांगतो आहे.

परतल्यावर मी पुस्तिका काढणाऱ्यांना कळवले. पुढच्या आवृत्तीत पाहू, असे उत्तर आले. पुढची आवृत्ती निघेल की नाही, माहीत नाही. छापील प्रती आता कुठल्या तंबूत, कुठल्या पिशवीत आहेत, याचा पत्ता लागणे शक्य नाही. तरी मी सुधारलेली ओळ लिहून ठेवली आहे: ‘पांढऱ्या भागात अजून कोणी शोध घेतलेला नाही. तिथेही काळजी घ्यावी.’ आधीच्या दोन शब्दांच्या जागी नऊ-दहा शब्द झाले आणि नकाशाच्या चौकटीत ते मावत नाहीत. चौकट मोठी करावी लागेल.

त्या गावात सापळा दुसऱ्या रात्री पुन्हा लावला. सकाळी बाटलीच्या तळाशी करडा गाळ दिसत होता. मैत्रिणीने थेंबभर पाणी पांढऱ्या बशीत ओतले आणि भिंग माझ्या हातात दिले. म्हाताराही येऊन वाकला. मी मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढे चुकले. ती म्हणाली, ‘चुकलीस तर पहिल्यापासून.’ मी पहिल्यापासून मोजायला घेतले.